एक हिरवं खनिज आणि मादाम क्युरी

मादाम क्युरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? रेडियम, दोन नोबेल पारितोषिकं आणि शाळेच्या लॅबमधल्या भिंतीवरचा तो काळ्या झग्यातला, न हसणारा फोटो. फार तर पिचब्लेंड हा शब्द आठवतो, कारण तो पाठ करावा लागला होता. पण या सगळ्या गोष्टीत आणखी एक पात्र आहे आणि त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही. ते म्हणजे कॅल्कोलाइट नावाचं एक हिरवंगार खनिज. आज त्याला टॉर्बर्नाइट म्हणतात. तांबं, युरेनियम, फॉस्फेट आणि पाणी एवढाच त्याचा मसाला. मेरीनं हे खनिज आधी मोजलं, मग काचेच्या भांड्यात स्वतःच बनवलं, आणि दोन्हींच्या रीडिंगमध्ये जो फरक आला तिथून रेडियमची गोष्ट सुरू झाली. म्हणून या लेखात मेरीच्या आयुष्याबरोबर थोडं त्या खनिजाबद्दलही सांगणार आहे. केमिस्ट्रीचा कंटाळा असणाऱ्यांनी घाबरू नये, समीकरण एकही नाही!

मेरीचं माहेरचं नाव मारिया स्क्लोडोव्स्का. जन्म ७ नोव्हेंबर १८६७, पोलंडमधल्या वॉर्सा शहरात. तेव्हा वॉर्सावर रशियाच्या झारचं राज्य होतं. शाळेत पोलिश भाषेत शिकवायची बंदी, इतिहास शिकवायचा तोही रशियाचा. वडील गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक, आई मुलींची शाळा चालवायची. पाच भावंडांत मारिया सगळ्यांत धाकटी. थोरली बहीण टायफसनं गेली आणि त्यानंतर १८७८ साली आई क्षयानं गेली. मारिया तेव्हा दहा वर्षांची होती. वडिलांची चांगली नोकरी रशियन अधिकाऱ्यांच्या मर्जीमुळे आधीच गेलेली, त्यात त्यांनी पैसे गुंतवले तेही बुडाले. मग घरात मुलं शिकवायला ठेवून घर चाललं. अशा घरातल्या या मुलीनं १८८३ साली सुवर्णपदक मिळवून शाळा संपवली.

पुढे काय, तर काही नाही. वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. शहरात एक गुप्त विद्यापीठ होतं, त्याला फिरतं विद्यापीठ म्हणत, कारण पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून त्याचे वर्ग आज या घरी तर उद्या त्या घरी भरत. मारिया आणि तिची बहीण ब्रोन्या तिथे जायच्या. पण त्याची डिग्री कुठली मिळणार? तेव्हा दोघींनी एक करार केला. ब्रोन्यानं पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, मारियानं नोकरी करून तिला पैसे पाठवायचे. ब्रोन्या कमवायला लागली की तिनं मारियाला बोलवायचं. आपल्याकडे धाकट्याच्या शिक्षणासाठी थोरल्यांनी झिजायची पद्धत आहे, इथे धाकटीनं आधी झीज सोसली.

१८८६ पासून साधारण तीन वर्षं मारिया एका खेड्यात, श्रीमंत शेतमालकाच्या घरी मुलांची शिक्षिका म्हणून राहिली. आजूबाजूला बिटाची शेतं आणि साखर कारखाना. दिवसभर शिकवायचं, रात्री एकटीनं पदार्थविज्ञान आणि गणिताची पुस्तकं वाचायची. त्या घरचा मोठा मुलगा काझिमिएर्झ सुट्टीत घरी आला आणि दोघांचं जमलं. पण त्याच्या आईवडिलांना पगारी शिक्षिका सून म्हणून नको होती. त्याला घरच्यांचा विरोध मोडता आला नाही. तोच काझिमिएर्झ झोराव्स्की पुढे पोलंडमधला मोठा गणितज्ञ झाला. मारियाचा मात्र अपमान होऊनही नोकरी सोडता येईना, कारण ब्रोन्याचे पैसे तिथूनच जात होते. ही गोष्ट मला नोबेलपेक्षा जास्त लक्षात राहिली, का ते सांगता येणार नाही.

नोव्हेंबर १८९१ मध्ये ती अखेर पॅरिसला निघाली. जर्मनीतून स्वस्तातल्या डब्यात, जिथे बाकडीसुद्धा नव्हती, म्हणून स्वतःची घडीची खुर्ची बरोबर घेऊन. सोरबॉन विद्यापीठात नाव घातलं आणि मारियाची मेरी झाली. काही महिने बहिणीकडे राहिली, मग कॉलेजच्या जवळ माळ्यावरची खोली घेतली. जिने चढून वर जायचं, शेगडीचा कोळसा स्वतः वाहून न्यायचा, थंडीत पांघरुणावर असतील नसतील ते सगळे कपडे टाकून झोपायचं. जेवण म्हणजे बऱ्याचदा पाव आणि चहा. (आपण मेसच्या आमटीवर किती बोलतो!) १८९३ साली ती पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत पहिली आली, १८९४ साली गणितात दुसरी. मधे एक पोलिश स्कॉलरशिप मिळाली होती, ६०० रूबलची. पहिली कमाई होताच तिनं ती सगळी परत केली. कुणी मागितली नव्हती.

ही पहिली कमाई पोलादाची. वेगवेगळ्या पोलादांचे चुंबकीय गुणधर्म मोजायचं काम तिला एका उद्योगसंस्थेनं दिलं होतं. लॅबमध्ये जागा अपुरी पडत होती, म्हणून ओळखीच्या एका पोलिश प्राध्यापकानं तिची गाठ पिएर क्युरीशी घालून दिली. वर्ष १८९४. पिएर तेव्हा ३५ वर्षांचा, पॅरिसच्या औद्योगिक भौतिकी व रसायन महाविद्यालयात शिकवायचा. म्हणजे आपल्या भाषेत एका इंजिनिअरिंग कॉलेजचा लॅब इन्चार्ज. त्यानं आणि त्याचा भाऊ जाक यानं १८८० साली पिझोइलेक्ट्रिसिटी शोधली होती, म्हणजे क्वार्ट्झचा स्फटिक दाबला किंवा ताणला की त्याच्यावर विद्युतभार तयार होतो. आज आपल्या मनगटावरच्या घड्याळात तेच चालतं. २६ जुलै १८९५ ला दोघांचं लग्न झालं. ना धार्मिक विधी, ना अंगठ्या. लग्नाला भेट आलेल्या पैशांतून दोन सायकली घेतल्या आणि त्यावर हनिमून. लग्नाचा ड्रेस निवडताना मेरीनं गडद निळा निवडला, कारण तो नंतर लॅबमध्ये वापरता येणार होता.

आता मुख्य गोष्ट. १८९६ साली हेन्री बेकरेलला दिसलं की युरेनियमच्या क्षारातून काही किरण आपोआप बाहेर पडतात, ते काळ्या कागदातून जाऊन फोटोची काच काळी करतात. पण नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटजेननं क्ष-किरण शोधले होते आणि सगळं जग हाडांचे फोटो काढण्यात गुंतलं होतं. युरेनियमच्या किरणांकडे फारसं कुणी वळलं नाही. मेरीला डॉक्टरेटसाठी विषय हवा होता. ज्यावर फार वाचावं लागणार नाही, थेट प्रयोगाला हात घालता येईल असा हा विषय होता. सप्टेंबर १८९७ मध्ये मुलगी आयरीन झाली आणि डिसेंबरात मेरीनं प्रयोगाची वही उघडली. जागा म्हणजे पिएरच्या कॉलेजातली तळमजल्यावरची एक ओलसर सामानाची खोली. ६ फेब्रुवारी १८९८ च्या पानावर तिनं खोलीचं तापमान लिहून ठेवलंय : ६.२५ अंश, आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग.

बेकरेल फोटोच्या काचा वापरत होता. काच किती काळी झाली हे डोळ्यांनी ठरवायचं, म्हणजे अंदाजपंचे. मेरीनं मोजायचं ठरवलं. हे किरण हवेतून गेले की हवा थोडी वीज वाहून नेते. मग ८ सेंटिमीटर व्यासाच्या दोन धातूच्या चकत्या एकमेकींपासून ३ सेंटिमीटरवर ठेवायच्या, खालच्या चकतीवर खनिजाची बारीक पूड पसरायची, १०० व्होल्ट लावायचे आणि मधून किती करंट जातो ते पाहायचं. पण हा करंट असतो केवढा? काही पिकोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले थोडेसे. आज आपण एखादं तयार मीटर लावू, तेव्हा असं काही मिळत नव्हतं. इथे पिएरचा क्वार्ट्झ कामाला आला. क्वार्ट्झच्या पट्टीला वजन लावून ती ताणली की ठराविक भार तयार होतो. चकतीवर जमणारा भार आणि क्वार्ट्झचा भार एकमेकांना बरोबर मारतील असं वजन टाकत राहायचं आणि स्टॉपवॉच धरून वेळ मोजायची. वजन आणि वेळ कळली की करंट निघतो. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात वजनं, डोळे इलेक्ट्रोमीटरच्या प्रकाशाच्या ठिपक्यावर. ज्यांनी लॅबमध्ये साधा गॅल्व्हॅनोमीटर शून्यावर आणताना घाम गाळला आहे त्यांना कळेल ही काय चीज आहे ते.

मग तिनं हाताला लागेल ते मोजायला सुरुवात केली. शुद्ध युरेनियम केमिस्ट मोआसाँकडून, खनिजं पॅरिसच्या म्युझियममधल्या लाक्रवाकडून. पहिला निष्कर्ष लवकर निघाला. युरेनियम कोरडं असो, ओलं असो, पूड असो की दुसऱ्या कशाशी संयोग पावलेलं, करंट ठरतो तो फक्त त्यात युरेनियम किती आहे यावर. म्हणजे ही रेणूंची करामत नव्हे, अणूच्याच आतली आहे. आज हे वाक्य आपण सहज लिहून जातो. तेव्हा अणूला आत असतो हेच कुणी धरून चाललेलं नव्हतं. थोरियमही असेच किरण सोडतं हेही तिला सापडलं, पण जर्मनीत श्मिट नावाच्या माणसानं ते थोडं आधी छापलं होतं.

आता हा नियम धरला तर खनिजांचा हिशेब सोपा. खनिजात युरेनियम नेहमी शुद्ध युरेनियमपेक्षा कमीच असणार, तेव्हा करंटही कमीच यायला हवा. १७ फेब्रुवारीला तिनं पिचब्लेंड मोजलं आणि हिशेब फिसकटला. नंतर तिच्या प्रबंधात जे आकडे आले ते असे : शुद्ध युरेनियम २३ पिकोअँपिअर. एका खाणीतलं पिचब्लेंड ८३. आपलं कॅल्कोलाइट ५२. ऑट्युनाइट नावाचं त्याचंच चुलत भावंड २७.

इथे थांबून या कॅल्कोलाइटची ओळख करून घेऊ, कारण ते खरंच देखणं आहे. रंग पाचूसारखा हिरवा. स्फटिक चौकोनी, पातळ, एकावर एक पत्त्यांचा ढीग ठेवावा तसे. अभ्रकासारखे त्याचे पापुद्रे सहज सुटतात, म्हणून जुने खाणकामगार आणि अभ्यासक त्याला हिरवं अभ्रकच म्हणत. अभ्रकाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मोह्‌जच्या मोजपट्टीवर कठीणपणा २ ते २.५, म्हणजे नखानं ओरखडा उठेल इतपत मऊ. वजनाचा जवळजवळ निम्मा भाग युरेनियमचा. आत पाण्याचे रेणू असतात, आणि कोरड्या हवेत किंवा थोड्या उष्णतेत त्यातले काही निघून गेले की त्याचं मेटाटॉर्बर्नाइट होतं. म्युझियममध्ये टॉर्बर्नाइट म्हणून ठेवलेले बरेच नमुने आता खरं तर मेटाटॉर्बर्नाइट झालेले असतात. हे खनिज मूळचं नाही, दुय्यम आहे. जमिनीत पाणी मुरतं, मूळच्या युरेनियमच्या खनिजाला विरघळवतं, वाटेत तांबं आणि फॉस्फेट भेटतं आणि दगडाच्या भेगेत हे हिरवे पापुद्रे जमतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, बोहेमियात, सॅक्सनीत ते मिळतं. तांब्याच्या जागी कॅल्शियम आलं की ऑट्युनाइट, फ्रान्समधल्या ओताँ गावावरून नाव पडलेलं. ते पिवळं-हिरवं असतं आणि अतिनील दिव्याखाली झगझगीत चमकतं. टॉर्बर्नाइट मात्र चमकत नाही, त्यातलं तांबं ती चमक मारून टाकतं. टॉर्बर्नाइट हे नाव १८ व्या शतकातला स्वीडिश केमिस्ट टॉर्बर्न बर्गमन याच्यावरून आलं. युरेनियम १७८९ साली क्लाप्रोटनं शोधलं, बर्गमन १७८४ मध्येच वारलेला. म्हणजे ज्याच्या नावानं हे खनिज ओळखलं जातं त्यानं युरेनियम हा शब्द कधी ऐकलाही नाही!

तर, ५२. निम्मं युरेनियम असलेल्या खनिजातून शुद्ध युरेनियमच्या दुपटीहून जास्त करंट. आपण असतो तर काय केलं असतं? खरं सांगा. ग्राफमध्ये एक पॉइंट लाईनच्या बाहेर गेला की आपल्याकडे खोडरबर निघतो. जर्नल तपासायला देण्याच्या आदल्या रात्री तर किती रीडिंग्ज जन्माला येतात ते सगळ्या विंग्जना ठाऊक आहे. मेरीनं आधी उपकरणावर संशय घेतला. पुन्हा मोजलं, पुन्हा पुन्हा मोजलं. आकडा हलेना.

मग तिनं जे केलं ते मला सगळ्यांत आवडतं. पिचब्लेंड हे किचकट, त्यात अनेक धातू मिसळलेले. त्यावरून वाद घालणं कठीण. पण कॅल्कोलाइट हे साधं, स्वच्छ, ठरलेल्या घटकांचं खनिज आणि ते कृत्रिम बनवता येतं. डब्रे नावाच्या फ्रेंच केमिस्टनं त्याची रीत आधीच लिहून ठेवली होती. फॉस्फोरिक आम्लात तांब्याचं फॉस्फेट विरघळवायचं, त्यात युरेनियमच्या नायट्रेटचं द्रावण मिसळायचं आणि ५० ते ६० अंशांवर गरम ठेवायचं. थोड्या वेळानं भांड्यात हिरवे स्फटिक दिसायला लागतात. मेरीनं शुद्ध रसायनं घेऊन हेच केलं. आता तिच्याकडे दोन कॅल्कोलाइट होती. एक खाणीतून आलेलं, एक भांड्यातून आलेलं. तेच घटक, तेच स्फटिक. दुसऱ्याची पूड तिनं चकतीवर पसरली.

करंट आला ९. युरेनियमच्या अडीच पट कमी, म्हणजे त्यातल्या युरेनियमच्या मानानं यायला हवा तेवढाच. नियम बरोबर होता, उपकरणही बरोबर होतं. मग खाणीतल्या कॅल्कोलाइटमध्ये उरलेले ४३ कुठून आले? त्याच्या आत दुसरं काहीतरी असलं पाहिजे, इतकं थोडं की कुठल्याही केमिस्टच्या विश्लेषणात ते आजवर सापडलं नाही आणि इतकं तीव्र की युरेनियमलाही मागे टाकतं. १२ एप्रिल १८९८ ला तिचं टिपण फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे वाचलं गेलं. ती स्वतः सदस्य नव्हती, म्हणून तिचे प्राध्यापक लिपमन यांनी ते मांडलं. पिचब्लेंड आणि कॅल्कोलाइटमध्ये युरेनियमपेक्षा कितीतरी जास्त सक्रिय असं नवं मूलद्रव्य असावं, हा तर्क त्यात होता आणि त्याला आधार म्हणून कृत्रिम कॅल्कोलाइटचा प्रयोग.

हा फरक का पडतो ते आज आपल्याला नीट सांगता येतं. युरेनियमचा अणू फुटत फुटत शिशापर्यंत जातो, मधे दहा-बारा थांबे आहेत. त्यातच रेडियम, रेडॉन, पोलोनियम. जुन्या दगडात ही सगळी पिल्लावळ साठत जाते, शेवटी जितकी तयार होते तितकीच फुटते आणि प्रमाण स्थिर होतं. साधारण तीन टन युरेनियमच्या सोबतीला एक ग्रॅम रेडियम असतं. एवढंसं असूनही प्रत्येक थांब्यावर किरण निघतात, म्हणून करंट वाढतो. कारखान्यात शुद्ध केलेल्या युरेनियममध्ये हे बहुतेक सगळे सोबती धुऊन गेलेले असतात आणि रेडियम पुन्हा जमायला हजारो वर्षं लागतात. मेरीचं भांड्यातलं कॅल्कोलाइट काही दिवसांचं बाळ होतं. १८९८ मध्ये यातलं एकही वाक्य कुणाला माहीत नव्हतं.

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. पिएरनं आपलं स्फटिकांचं काम बाजूला ठेवलं आणि तो मेरीच्या कामात आला. जुलै १८९८ मध्ये पोलोनियम जाहीर झालं, नकाशावरून पुसल्या गेलेल्या पोलंडचं नाव घेऊन. डिसेंबरात रेडियम. पण केमिस्ट लोकांना नुसते करंटचे आकडे पुरेनात, मूलद्रव्य बाटलीत दाखवा आणि अणुभार सांगा, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी टनावारी माल लागणार होता. सुंदर कॅल्कोलाइट इतकं कुठून आणणार? मग बोहेमियातल्या योआखिम्सटाल खाणीचा कचरा मागवला. तिथे काचेला रंग द्यायला युरेनियम काढून घेत आणि उरलेला गाळ पाइनच्या जंगलात फेकून देत. गोणी फोडली तेव्हा तपकिरी मातीत पाइनची पानं मिसळलेली होती.

जागा पुन्हा त्याच कॉलेजची. अंगणापलीकडची गळकी शेड, पूर्वी तिथे वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करायचे. धुरासाठी चिमणी नाही, म्हणून मेरी अंगणात कढया लावायची. एका वेळी वीस-वीस किलो माल, आणि तिच्याच उंचीच्या लोखंडी सळईनं दिवसभर ढवळणं. संध्याकाळी अंगात त्राण उरत नसे. चार वर्षांनी, १९०२ मध्ये, तिच्या हाती एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड आलं. अणुभार तिनं २२५ काढला, आज आपण २२६ म्हणतो. रेडियम वेगळं करण्याच्या रीतीचं पेटंट दोघांनी घेतलं नाही. त्यांच्या वह्यांतली रीत वापरून पुढे कारखाने उभे राहिले आणि मेरीला स्वतःच्या लॅबसाठी एक ग्रॅम रेडियम परवडेना. १९२१ साली अमेरिकेतल्या बायकांनी एक लाख डॉलर जमवून तिला ते भेट दिलं.

१९०३ साली डॉक्टरेट आणि त्याच वर्षी बेकरेल, पिएर यांच्याबरोबर पदार्थविज्ञानाचं नोबेल. सुरुवातीला फक्त बेकरेल आणि पिएर यांच्या नावाचा विचार झाला होता. स्वीडनच्या एका गणितज्ञानं पिएरला कळवलं आणि पिएरनं मेरीचं नाव घालायला लावलं. ५२ आणि ९ हे आकडे कोणाच्या वहीत होते ते त्याला माहीत होतं.

१९ एप्रिल १९०६ ला पॅरिसच्या रस्त्यावर पावसात पिएर घोडागाडीखाली सापडून जागीच गेला. मेरी ३८ वर्षांची, दोन मुली पदरात, धाकटी ईव्ह दीड वर्षाची. सरकारनं पेन्शन देऊ केली ती तिनं नाकारली. सोरबॉननं पिएरची शिकवण्याची जागा तिला दिली. ५ नोव्हेंबर १९०६ ला हॉल गच्च भरला होता, लोक भाषण ऐकायला, थोडं रडायला आले होते. मेरी आली आणि पिएरचं लेक्चर जिथे थांबलं होतं त्याच्या पुढच्या मुद्द्यापासून शिकवायला लागली.

१९११ हे वर्ष विचित्र गेलं. जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीच्या निवडणुकीत ती थोडक्यात हरली. बाईला कसं घ्यायचं हा खरा मुद्दा होता. मग पिएरचा जुना विद्यार्थी लाँजव्हँ आणि तिचं नातं वर्तमानपत्रांनी चव्हाट्यावर आणलं. तो विवाहित होता. तिच्या घराबाहेर जमाव आला, परदेशी बाई म्हणून शिव्या पडल्या. त्याच दिवसांत रसायनशास्त्राचं दुसरं नोबेल जाहीर झालं आणि स्टॉकहोमहून एका शास्त्रज्ञाचं पत्र आलं की तूर्त न आलेलं बरं. तिनं कळवलं की पारितोषिक रेडियम-पोलोनियमच्या कामाला आहे, त्याचा खासगी आयुष्याशी संबंध नाही, आणि ती गेली. परत आल्यावर मात्र कित्येक महिने आजारी होती. लाँजव्हँला नंतर कुणी काही विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात तिनं मोटारीत एक्स-रेची यंत्रं बसवून ती आघाडीवर नेली. स्वतः गाडी चालवायला शिकली, सोबत सतरा वर्षांची आयरीन. अशा वीसेक गाड्या आणि दोनशे ठिकाणी एक्स-रेच्या खोल्या उभ्या राहिल्या. गोळी नेमकी कुठे अडकली आहे हे कळल्यानं किती सैनिकांचे हातपाय वाचले असतील! या कामात मेरी आणि आयरीननं अंगावर किती किरण घेतले त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

४ जुलै १९३४ ला आल्प्समधल्या एका सॅनेटोरियममध्ये मेरी गेली. अस्थिमज्जेनं रक्त बनवणं थांबवलं होतं. १९९५ साली तिचे आणि पिएरचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवले तेव्हा किरणोत्सर्ग मोजला गेला. तो अपेक्षेपेक्षा कमी निघाला, त्यावरून असंही मत पुढे आलं की तिचा जीव रेडियमपेक्षा युद्धातल्या एक्स-रेंनी घेतला असावा. तिच्या वह्यांवर मात्र रेडियम आहे. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं, तेव्हा त्या शिशाच्या पेट्यांत ठेवल्या आहेत. टॉर्बर्नाइटचा तुकडाही आज संग्राहक बंद काचेत ठेवतात, नंतर हात धुतात आणि खोलीत हवा खेळती ठेवतात, कारण त्यातून रेडॉन वायू सुटतो. मेरीनं त्याची पूड करून बोटांनी चकतीवर पसरली होती.

खनिजशास्त्राच्या लोकांनी तिची आठवण आपल्या पद्धतीनं ठेवली. बेल्जियन काँगोच्या खाणीत नवी युरेनियमची खनिजं सापडत गेली तेव्हा आल्फ्रेड शूप या बेल्जियन अभ्यासकानं १९२१ मध्ये एका नारिंगी खनिजाला पिएरवरून क्युराइट नाव दिलं. १९२४ मध्ये एका पिवळ्या खनिजाला त्यानं मेरीचं नाव दिलं, पण नवऱ्याचं आडनाव लावून नव्हे, माहेरचं : स्क्लोडोव्स्काइट. पुढे त्याच भागात तांबं असलेलं एक सुयांसारखं खनिज मिळालं, त्याचं नाव कप्रोस्क्लोडोव्स्काइट. तेही हिरवंच आहे.